कपाटाबाबत चौकशी

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच मेहुणीचा फोन. म्हणाली, भावोजी, एक डिसेंबरला रविवार आहे, मी येते आणि ताईचं कपाट रिकामं करून टाकते, लेकीशीही बोलून झालंय माझं. मी म्हटलं, माझी काहीच हरकत नाही. ती म्हणाली, मागच्या खेपेलाही असंच म्हणालात आणि मी आले तर दाराला कुलूप. मी म्हटलं, त्या दिवशी ऑफिसचं काम निघालं होतं. ती म्हणाली, रविवारी? मी म्हटलं, वजन-मापांना रविवार नसतो.

हरकत खरंच नाही. कपडे नुसते पडून राहण्यात अर्थ नाही, कुणाच्या तरी अंगावर गेलेले बरे. मी या बाबतीत अगदी मोकळा आहे.

फक्त दुपारी जेवताना एक मुद्दा लक्षात आला. कपाट हिचं आहे. हिला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हा या घरातला लग्नापासूनचा नियम. माझा साधा मफलरसुद्धा हिने त्यात कधी ठेवू दिला नाही. जागा नाही म्हणायची. तेव्हा नियमाप्रमाणे आधी हिची परवानगी घ्यायला हवी. लेखी नको, तोंडी चालेल.

ही मे महिन्यात गेली. त्यामुळे विचारायचं कसं, एवढाच प्रश्न उरतो.

३ नोव्हेंबर, संध्याकाळी

प्रश्न सुटला.

माझा भुतांवर विश्वास नाही. मी वजन-मापे निरीक्षक आहे. दुकानदाराचा काटा तपासतो, बरोबर असेल तर शिक्का मारतो. जे पारड्यात ठेवता येत नाही त्यावर मी मत देत नाही. पण हिचा विश्वास होता, पक्का. शहराच्या पर्यटन कचेरीने काढलेला ‘शहराची काळी बाजू’ नावाचा घडीचा नकाशा फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेला आहे, तो हिनेच आणलेला. जुनी दफनभूमी, छळघराचं म्युझियम, शवपेट्यांचा कॅफे, झपाटलेलं नाट्यगृह, आणि रोज संध्याकाळी सहाला निघणारी भुतांची फेरी. हिला हे सगळं बघायचं होतं. जाऊ जाऊ म्हणता राहिलं.

म्हणजे ही आता कुठे असायचीच झाली, तर याच ठिकाणी असणार. घरात नाही. घर हिचं बघून झालंय.

ठरलं. प्रत्येक ठिकाणी जायचं, शांतपणे विचारायचं, निघायचं. एक डिसेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर हरकत नाही असं समजायचं. विषय संपला. शिवाय उद्यापासून सकाळी एकच कप चहा करायचा. दोन होतात.

९ नोव्हेंबर, शनिवार

दफनभूमी.

जाताना काळा कोट घातला. हा हिनेच घेतलेला, त्या काळे बूट आणि चांदीच्या कवट्या विकणाऱ्या पोरांच्या बाजारातून. नडगीपर्यंत लांब, कॉलर कानापर्यंत. म्हणाली होती, आपण फेरीला जाऊ तेव्हा शोभलं पाहिजे. मी आरशासमोर घालून दाखवला तर ही इतकी हसली की पलंगावर बसावं लागलं. तेव्हापासून कोट बेडरूमच्या दाराआड खुंटीला आहे. हिच्या कपाटात जागा नव्हती आणि माझ्यात तो लांबीला मावत नाही. दिवा लावला की दाराआड कुणी उभं आहे असं वाटतं. आता सवय झाली आहे. म्हणजे दचकतो, पण ओरडत नाही.

दफनभूमीत शांतता असेल असा अंदाज होता. धावणारे लोक होते, कुत्री फिरवणारे होते. दगडी देवदूतापाशी एका जोडप्याचे लग्नाचे फोटो चालले होते. नवरीचा झगा काळा, नवऱ्याच्या नखांना काळं नेलपॉलिश. फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, किती उशीर, आणि चंदेरी कागदाची मोठी चकती माझ्या हातात दिली. उजेड नवरीच्या तोंडावर पाडायचा. मी त्याचा माणूस नाही हे सांगणार होतो, पण तो सारखा डावीकडे, वर, अजून वर असं सांगत होता, मध्ये बोलायला जागा मिळाली नाही. दंड भरून आले.

मुलगी चांगली होती. मध्येच म्हणाली, काका, तुमचं लग्न झालंय? मी म्हटलं, हो. काकू नाही आल्या? मी म्हटलं, तिलाच शोधतोय. ती म्हणाली, मग फोन करा की.

सुटका झाल्यावर देवदूतासमोर उभा राहिलो आणि हळू आवाजात कपाटाचं विचारलं. एक कबूतर उडालं. कबूतर पुरावा म्हणून धरलेलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

चहा दोन कप झाला. पातेलंच तेवढं आहे.

लेकीचा फोन. बाबा, जेवलात का? जेवलो. काय जेवलात? जेवण. बाबा, नीट सांगा ना. मी म्हटलं, ब्रेड खाल्ला, त्याच्याबरोबर अजून थोडा ब्रेड. ती म्हणाली, या वेळी मावशीला घरात घ्या हं. मी म्हटलं, म्हणजे काय, माझी काहीच हरकत नाही.

बरा आहे मी. झोप लागते. कधी, ते नक्की नाही, पण लागते.

१६ नोव्हेंबर, शनिवार

छळघराचं म्युझियम. तळघरात आहे. साखळ्या, खिळ्यांची खुर्ची, मेणाचे कैदी. एक खराखुरा जल्लादही आहे, पगारी. बुरखा वर करून सँडविच खात होता.

तिथे चेटकिणी तोलायचा तराजू आहे. जुन्या काळी बाईला एका पारड्यात बसवत आणि दुसऱ्यात वजनं ठेवत. बाई हलकी भरली तर चेटकीण. मी सहज नजर टाकली तर दांडीची बाईकडची बाजू आखूड. उघड आखूड! अशा काट्यावर कुणीही हलकं भरेल. मी जल्लादाला सांगितलं, तुमचा काटा शून्यावर नाही. तो म्हणाला, काका, फायबरचं आहे ते. मी म्हटलं, कशाचंही असो, पारडी रिकामी असताना काटा शून्यावर पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं माप खोटं. खात्री करायला खिशातलं छोटं वजन पारड्यात ठेवायला गेलो, तर दोरीला हात लागला आणि भोंगा वाजला.

मॅनेजरबाई धावत आल्या. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांना वाटलं सरकारी धाड पडली. घामाघूम झाल्या. मला वर नेऊन गोळ्या-चॉकलेटं विकायचा काटा पुढे केला, म्हणाल्या, साहेब, हा बघा, हा अगदी बरोबर आहे. बघितला. बरोबर होता. तसं सांगितल्यावर त्यांनी मला साखरेची कवटी भेट दिली. नको म्हटलं तर त्यांचा चेहरा असा झाला की घ्यावी लागली.

या गडबडीत मूळ काम राहिलं. निघताना घाईघाईने शिरच्छेदाच्या यंत्रासमोर उभं राहून विचारलं, कपाटाचं काय करायचं? मागून उत्तर आलं. जल्लाद होता. म्हणाला, सामान ठेवायचंय का साहेब, लॉकर बाहेर आहेत.

१७ नोव्हेंबर, रविवार

शवपेट्यांचा कॅफे. टेबलं म्हणजे शवपेट्यांची झाकणं, कप कवटीचे. वेटरने सुळे लावलेले असतात. ते लावून त्याला बोलता येत नाही, त्यामुळे ऑर्डर घेताना काढून एप्रनच्या खिशात ठेवतो.

सवयीने दोन चहा सांगितले. तो म्हणाला, अजून कुणी येणार आहे? मी म्हटलं, हो. असं का म्हटलं कोण जाणे. मग बसून राहावं लागलं. गर्दी वाढली, लोक खुर्ची मागायला यायचे, वेटर त्यांना सांगायचा, या काकांच्या मिसेस येतायत. चहा निवले. दोन्ही प्यायलो. बिल देताना तो म्हणाला, आल्या नाहीत का? मी म्हटलं, ट्रॅफिक असेल.

इथे विचारायला जमलं नाही. वेटर फार जवळ उभा असतो.

चहाच्या निश्चयात दुरुस्ती: एक कपाचा नियम घरापुरता. बाहेरचे धरायचे नाहीत.

२० नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात बोलणी खाल्ली. माझ्याबरोबर जो दुसरा निरीक्षक असतो त्याला सगळे पासंग म्हणतात, कारण तो एकटा कधी दिसत नाही, कुणाच्या तरी बाजूला ठेवलेला असतो. आज बाजारात मी एका मटणवाल्याचा काटा जड दाखवतो म्हणून बाद करत होतो. पासंग म्हणाला, अरे, तुझी बाही बघ. कोटाची बाही पारड्यात होती. मटणवाला म्हणाला, साहेब, हा काय शोकसभेचा कोट घालून फिरताय, गिऱ्हाईक पळतंय माझं.

कोट थंडीसाठी घातला होता. तशी थंडी नाही अजून, पण पडेल.

परत येताना पासंग म्हणाला, रजा घे, माणसात ये, किती दिवस असा राहणार. मी म्हटलं, माणसातच आहे, परवा लग्नाला गेलो होतो. ते खोटं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आधी नाट्यगृहावर गेलो. दुरुस्तीसाठी बंद. भूत तोवर कुठे राहतं, हे फलकावर लिहिलेलं नाही.

संध्याकाळी भुतांची फेरी. कॅफेसमोरून निघते. नेणारी मुलगी लेकीच्या वयाची, काळी लिपस्टिक, हातात काळी छत्री. पाऊस नसतानाही उघडी. मी तिला मनात छत्रीबाई म्हणतो. आवाज मात्र छान. नाट्यगृहाच्या मागच्या दारावर फासाची गोष्ट, अरुंद गल्लीत विषाची गोष्ट, आणि शेवटी नदीकाठच्या दगडी पायऱ्या. तिथे नुसतं शांत उभं राहायला सांगतात.

मी सगळ्यांच्या मागे होतो. कुणाशी बोललो नाही. पायऱ्यांवर पोचलो आणि वाटलं, हीच जागा. हिला ही जागा फार आवडली असती. दिवे पाण्यात दिसतात, पाणी काळं, पलीकडच्या काठाला कुणीतरी भांडी घासत असल्यासारखा आवाज येतो. सगळे गेल्यावर थांबलो. विचारलं. जोराचा वारा आला आणि वरच्या रस्त्यावर छत्रीबाईची छत्री उलटी झाली.

नोंद घेतली. निष्कर्ष काढलेला नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा गेलो. तिकीट काढायला लागलो तर छत्रीबाई म्हणाली, तुम्हाला नको हो काका. वयाचा मान ठेवणारी मुलं अजून आहेत.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज अनपेक्षित प्रगती.

गुडघे दुखत होते म्हणून फेरीबरोबर न फिरता सरळ पायऱ्यांवर जाऊन थांबायचं ठरवलं. कॅफेवरून जाताना वेटरने न विचारताच दोन चहा कागदी कपांत भरून दिले. त्याला वाटतं मी घेऊन जाणार कुणाकडे तरी. पायऱ्यांवर खालच्या बाजूला उभा राहिलो. एक कप हातात, एक कठड्यावर.

थोड्या वेळाने मंडळी वरून उतरली. बडबडत येत होती. वळणावर आली आणि एकदम गप्प! सगळ्यांची नजर माझ्या दिशेला. माझ्या मागे. एका मुलीने मैत्रिणीचा दंड घट्ट धरला. कुणीतरी म्हणालं, अगं बाई. एकाने फ्लॅश मारून फोटो काढला.

मी हळूच मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे त्यांना दिसतं आणि मला दिसत नाही. तसंही घरात हरवलेली वस्तू माझ्या समोर असायची आणि मला दिसायची नाही, असं हीच म्हणायची.

२७ नोव्हेंबर, बुधवार

घाई करायची नाही. निरीक्षकाने एका मापावर मत देऊ नये. काट्याचीसुद्धा आम्ही तीन मापं घेतो. पासंगला काही सांगितलेलं नाही. मेहुणीलाही नाही. आज घरात दोन कप चहा मुद्दाम केला, चुकून नव्हे, त्यामुळे तो नियमात बसतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरं माप. तसंच. आज तर एक बाई कुजबुजताना स्पष्ट ऐकू आली: तिथेच आहे बघ, खरंच आहे! तिच्या नवऱ्याच्या हातातल्या मक्याच्या लाह्या सांडल्या.

फेरी संपल्यावर धीर करून छत्रीबाईला गाठलं. मला असं कुणाशी आपण होऊन बोलायला जमत नाही, पण प्रश्न कपाटाचा आहे. विचारलं, इथे लोकांना काही दिसतं का हो? तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, दिसतं ना काका. हल्ली रोजच दिसतं. मी विचारलं, बाई? ती म्हणाली, नाही, बाई दिसत नाही. पण ती तिथे आहे असं सगळ्यांना वाटतं. मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुम्ही येत राहा, प्लीज.

किती समजूतदार मुलगी.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसरं माप. एका गृहस्थाने खुणेनेच फोटो काढू का असं विचारलं. मी आड येऊ नये म्हणून बाजूला झालो. तोही बाजूला झाला. मी आणखी सरकलो, तर तोही सरकला. शेवटी मी कठड्याला चिकटून उभा राहिलो. तो म्हणाला, परफेक्ट, थँक्यू.

तिन्ही मापं जुळली. मी घाईचा माणूस नाही, पण हे आता नाकारता येणार नाही. ही येते. रोज येते आणि माझ्या मागे उभी राहते. उत्तर अजून देत नाही, कारण मी कपाटाचं नीट विचारलेलंच नाही, तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. ही कायम म्हणायची, मोठ्याने बोला.

३० नोव्हेंबर, शनिवार

मेहुणीला फोन केला. म्हटलं, उद्याचं पुढे ढकलू या, कपाटाबाबत चौकशी चालू आहे. ती म्हणाली, कुणाकडे? मी म्हटलं, तुझ्या ताईकडे. ती काहीच बोलली नाही. फोन कट झाला वाटलं म्हणून मी हॅलो हॅलो केलं. मग म्हणाली, भावोजी, मी उद्या येतेय. घरात राहा. कुलूप लावलंत तर दारात बसून राहीन.

१ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

मेहुणी दुपारी आली. बरोबर रिकाम्या पिशव्या. मी चहा केला, आज दोन कप लागलेच. मग तिला सगळं सांगितलं. दफनभूमी, छळघर, छत्री उलटी होणं, तिन्ही मापं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर लेकीला फोन लावेल. ती नुसती ऐकत राहिली, कप हातात तसाच. मग म्हणाली, दिसते ती लोकांना? मी म्हटलं, रोज. म्हणाली, चला, मला दाखवा.

निघताना आरशासमोर थांबली. पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. म्हणाली, ताई बघताक्षणी म्हणेल, काय अवतार केलायस. पुन्हा एकदा कंगवा फिरवला. मला तेव्हा तिच्याकडे बघवेना.

ठरलं असं की तिने फेरीबरोबर यायचं, म्हणजे समोरून दिसेल, आणि मी नेहमीच्या जागी उभं राहायचं. वेटरने दोन चहा दिले. पायऱ्यांवर गेलो. आज मी अगदी तयारीत होतो. वाक्य पाठ केलं होतं. मोठ्याने म्हणणार होतो.

आवाज आले. छत्रीबाई वळणावर थांबून नेहमीप्रमाणे काहीतरी सांगत होती. इतके दिवस मी ते कधी नीट ऐकलं नव्हतं, लांबून नुसता सूर यायचा. आज वारा माझ्या दिशेने येत होता. ती सांगत होती, आता आपण बघणार आहोत तो खरा आहे, नट नाही. त्याची बायको याच पायऱ्यांवरून नदीत गेली. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी काळा कोट घालून तिच्यासाठी चहा घेऊन येतो. दोन कप. कॅफेतल्या वेटरला विचारा, तो सांगेल. त्याच्याशी बोलू नका, तो उत्तर देत नाही. त्याला अजून वाटतं ती मागे उभी आहे. बघा, आता मान वळवून बघेल.

मी तेवढ्यात मान वळवली होती.

पुन्हा समोर बघितलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मागे नाही. माझ्याकडे. आजवरही माझ्याकडेच बघत असणार.

मला तिथून जायचं होतं. पण जायची वाट त्यांच्यामधूनच वर जाते आणि दुसऱ्या बाजूला नदी आहे. मी तसाच उभा राहिलो. कठड्यावरचा कप जरा आत सरकवला. ते पाहून कुणीतरी हुंदका दिला.

मग गर्दीतून मेहुणी निघाली आणि एकेक पायरी उतरत माझ्याकडे यायला लागली. सगळे श्वास रोखून. मागून एक म्हातारा म्हणाला, आली, आली! मेहुणी जवळ आली, कठड्यावरचा कप उचलला, म्हणाली, भावोजी, मागे कुणी नाही हो. आणि चहाचा घोट घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवतच राहिले. एक बाई मोठ्याने रडत होती आणि नवऱ्याला म्हणत होती, बघ, याला म्हणतात प्रेम.

मेहुणी हळूच म्हणाली, काय करायचं? मी म्हटलं, माहीत नाही. शेवटी आम्ही दोघांनी जरा मान झुकवली.

छत्रीबाई धावत खाली आली. तिचं काळं काजळ गालावर उतरलं होतं. म्हणाली, काका, असा शेवट मला सुचला नसता, या मॅडम रोज येऊ शकतील का?

२ डिसेंबर, सोमवार

रजा टाकली. पोट बरं नाही असं कळवलं.

काही मुद्दे नोंदवून ठेवतो. एक, ही नदीत गेली नाही. ही हॉस्पिटलात गेली, सगळे उपचार करून. शिवाय हिला पोहता यायचं, चांगलं. असं काहीही सांगू नये. दोन, मी फसलो असं म्हणता येणार नाही, कारण मापं बरोबर होती. काटा शून्यावर नव्हता, एवढंच. तीन, तिन्ही दिवस लोकांच्या फोटोत मी आलो आहे आणि मला कुणी सांगितलं नाही की कॉलरचं एक टोक दुमडलेलं होतं.

मेहुणी काल जाताना म्हणाली, पुढच्या रविवारी येते. तिनेही पिशव्या उघडल्या नाहीत. रिकाम्याच परत घेऊन गेली. दारात थांबून म्हणाली, भावोजी, मला पण वाटलं होतं हो. आणि जिना उतरून गेली.

८ डिसेंबर, रविवार

कपाट उघडलं. आत कपडे होते.

मला काय वाटलं होतं ते सांगता येणार नाही, पण कपडेच होते. घड्या घातलेले. खालच्या कप्प्यात चपलांचे दोन जोड आणि विणायला घेतलेलं काहीतरी. मेहुणीने विचारलं, हे काय विणत होती? मला माहीत नव्हतं. पाठ की बाही, तेही कळत नव्हतं. तिने ते लेकीसाठी बाजूला ठेवलं. एक राखाडी स्वेटर मेहुणीने उचलला, तोंडाजवळ धरला, मग अंगात घातला आणि तसाच घालून पुढचं काम केलं. तिला तो बाह्यांत लांब होतो.

मध्येच लेकीचा फोन. बाबा, ठीक आहात ना? मी म्हटलं, हो, माझी काहीच हरकत नाही. ती म्हणाली, मी हरकत नाही विचारत बाबा.

पिशव्या मी खाली नेल्या. मेहुणी गेली.

तिकिटावरच्या नंबरवर छत्रीबाईला फोन केला, मला यापुढे जमणार नाही असं सांगायला. वाक्य पाठ केलं होतं. तिने उचलताच म्हणाली, काका, तुम्ही आठवडाभर आला नाहीत तर लोक विचारतात, बरे आहात ना? मी म्हटलं, बरा आहे, शनिवारी येतो. असं कसं निघालं कळत नाही. फक्त एक सांगितलं, ही नदीत गेली असं म्हणू नका. ती म्हणाली, मग काय म्हणू? मी म्हटलं, आजारी होती म्हणा. ती म्हणाली, तेवढंच? मी म्हटलं, तेवढंच.

आता कोटाचा प्रश्न होता. दाराआडची खुंटी ढिली झाली आहे. कोट काढून हिच्या कपाटात अडकवला. लांबीला बरोबर बसतो. जागा भरपूर आहे.

मग बेडरूममध्ये गेलो, दिवा लावला. दाराआड कुणी नव्हतं. दचकलो.

हिने विचारलं तर सांगायचं, कोट मेहुणीने ठेवला.